इटलीत आई-बाबांना घेऊन जाताय? खिसा, कागद आणि दंड यांची आधी करायची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून पाच जण, त्यात ६८ आणि ७२ वर्षांचे आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी, सप्टेंबरअखेर ११ दिवस इटलीला निघालेत. रोम, नेपल्स-पॉम्पेई, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मध्ये दोन दिवस भाड्याच्या गाडीने टस्कनी. तिकडे चोऱ्या फार होतात असं कानावर आलंय, ते कितपत खरं आणि तयारी काय करावी?

चोऱ्या होतात हे खरं. पण कुणी चाकू दाखवून लुटेल ही भीती मनातून काढून टाका. रात्री दहा-अकराला रोमच्या चौकात आजी-आजोबा नातवंडांना आईस्क्रीम चारत बसलेले असतात, तसेच तुम्हीही बसाल. जातं ते पाकीट, फोन आणि पासपोर्ट, तेही तुमच्या नकळत. त्याखालोखाल पैसे जातात दंडात: तिकिटाचा दंड, गाडीचा दंड. हे सगळं घडण्याच्या जागा आणि वेळा ठरलेल्या आहेत, त्या ओळखल्या की उरलेला सगळा वेळ निवांत फिरता येतं.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच कठीण होतं, त्यामुळे सप्टेंबरअखेरच्या सहलीसाठी जूनपर्यंत अर्ज गेलेला बरा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. आई-बाबांचा पहिलाच शेंगेन व्हिसा असेल तर बोटांच्या ठशांसाठी त्यांना स्वतः जावं लागेल, बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

विमा हा व्हिसासाठी जोडायचा कागद म्हणून घेतला जातो आणि तिथेच फसगत होते. नियमाने किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. पॉलिसी तेवढ्याची असली की व्हिसा मिळतो, पण ७२ वर्षांच्या माणसाला तिकडे खरोखर दवाखाना लागला तर ती पुरेलच असं नाही. साठीपुढच्यांच्या बऱ्याच पॉलिसींत खोलीभाडं, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या पोटमर्यादा असतात. वर मोठा आकडा छापलेला आणि आत तक्त्यात त्याचा जेमतेम काही भाग! तो तक्ता वाचूनच पैसे भरा. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी असं जे काही असेल ते अर्जात लिहा. न लिहिलेलं दुखणं हे दावा नाकारण्याचं सगळ्यांत सोपं कारण ठरतं. आई-बाबांसाठी किमान एक लाख युरोच्या आसपासची, आधीच्या आजारांतली तातडीची स्थिती धरणारी पॉलिसी घ्यावी असं माझं मत आहे. प्रीमियम थोडा जड जाईल, जाऊ द्या.

औषधं पूर्ण सहलीची आणि वर पाच दिवसांची, मूळ पाकिटांत, हातातल्या बॅगेत. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या आणि त्यात कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहायला सांगा. भारतातली ब्रँडची नावं इटलीतल्या फार्मासिस्टला ओळखीची नसतात, पण मेटफॉर्मिन ५०० किंवा टेल्मिसार्टन ४० म्हटलं की त्याला लगेच कळतं. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर चिठ्ठीशिवाय नेऊच नका. अँटिबायोटिक तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने एक कोर्स जवळ ठेवणारे बरेच असतात.

खाऊचं काय? युरोपीय संघाच्या नियमाने बाहेरच्या देशांतून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर घरीच. ताज्या भाज्या, फळं, पाला यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटका फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांची. त्यामुळे कढीपत्ता आणि लिंबंसुद्धा नकोत. चिवडा, चकली, भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या यांना अडचण येत नाही.

पैशांची विभागणी जाण्याआधीच ठरवा. तीन वेगळ्या खात्यांची किंवा बँकांची कार्डं, तीन वेगळ्या माणसांकडे, आणि त्यातलं एक कायम हॉटेलच्या तिजोरीत. भारतीय कार्डांवर परदेशातला वापर बहुधा बंद असतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये एटीएम, दुकानातलं मशीन आणि टॅप हे तिन्ही वेगवेगळे सुरू करावे लागतात. ओटीपी भारतीय सिमवर येणार, तेव्हा त्याचं रोमिंग पुण्यातूनच चालू करून घ्या. इंटरनेटसाठी स्वस्त ई-सिम वेगळं घेता येईल. ज्या फोनवर ओटीपी येतो आणि ज्या पाकिटात कार्डं आहेत, ते एकाच माणसाकडे ठेवू नका. दोन्ही एकदम गेलं की नवं कार्ड चालू करायलाही ओटीपी लागतो आणि तुम्ही अडकून पडता.

एक कागद तयार करा, खराखुरा कागद. त्यावर बँकांचे परदेशातून लागणारे नंबर, विमा कंपनीचा मदत क्रमांक आणि पॉलिसी नंबर, सगळ्यांचे पासपोर्ट नंबर, फोनचे आयएमईआय म्हणजे ओळख क्रमांक (फोनवर *#०६# दाबलं की दिसतात) आणि हॉटेलांचे पत्ते. त्याच्या तीन प्रती करा. मुलीच्या खिशात रोज त्या-त्या हॉटेलचं कार्ड आणि तुमचा नंबर देशाच्या कोडसह. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाचा फोटो ई-मेलमध्ये ठेवा, पासपोर्ट आकाराचे दोन-दोन फोटो बॅगेत.

सीमेवर

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची एन्ट्री-एक्झिट सिस्टीम टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेतात. मोठ्यांचे बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, ते फक्त पडताळतात. मुलीचा फक्त फोटो. हे काम इटलीत होईलच असं नाही. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे जात असाल तर ते तिथेच होतं, आणि पुढच्या विमानासाठी दीड तास ठेवलेला असेल तर तो रांगेतच संपतो. अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि विमा यांच्या छापील प्रती हातात हव्यात. अधिकाऱ्याने विचारलं तर फोन चार्ज नाही हे उत्तर चालत नाही.

फ्युमिचिनो विमानतळाच्या बाहेरच्या दालनात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्याकडे बघायचंही नाही. अधिकृत टॅक्सी पांढरी असते, टपावर पाटी आणि दारावर क्रमांक, रांगेतूनच घ्यायची. विमानतळ ते रोमच्या जुन्या तटबंदीच्या आतला भाग हे ठरलेलं भाडं ५५ युरो आहे, सामानासकट, माणशी नव्हे. लिओनार्दो एक्सप्रेस ही थेट गाडी ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला पोचवते, माणशी १४ युरो. चार मोठ्यांचे ५६ झाले, म्हणजे हिशेब सारखाच. पण साध्या टॅक्सीत पाच जण बसत नाहीत. रांगेतल्या माणसाला मोठी गाडी मागा आणि पाचव्याचे किती ते बसण्याआधी विचारून घ्या.

खिसेकापू नेमकं काय करतो

रोमच्या मेट्रोची ए लाइन घ्या. तेर्मिनीपासून स्पान्या आणि व्हॅटिकनजवळचं ओत्ताव्हियानो याच लाइनवर आहेत, म्हणजे सगळे पर्यटक याच डब्यांत. गाडी येते, दार उघडतं. तुमच्यापुढचा माणूस चढता चढता दारातच थबकतो, काही विसरल्यासारखा. मागून दोघं-तिघं रेटतात. तुमचे दोन्ही हात वर, एक दांड्याला आणि एक मुलीच्या खांद्यावर. मागच्याच्या हातावर जॅकेट किंवा स्कार्फ टाकलेला असतो आणि त्याखालचा हात तुमच्या खिशात. दार बंद व्हायची शिट्टी वाजते तसे ते उतरतात, थबकलेला माणूसही. दार लागतं, गाडी सुटते आणि तुम्ही काचेआडून त्यांना बघता. सगळं दहा-पंधरा सेकंदांत. चोर डब्यात फिरत असतो असं आपल्याला वाटतं; बहुतेक चोरी उंबरठ्यावरच उरकते.

उपायही तिथलाच. फलाटावर गर्दीत घुसू नका, पहिली लाट जाऊ द्या. दारात कुणी अडून बसलं तर मागे व्हा आणि पुढची गाडी घ्या. चार-पाच मिनिटांत येते. आत गेल्यावर दारापासून लांब, पाठ भिंतीला. बॅग पोटावर, चेन शरीराच्या बाजूला. पॅंटच्या मागच्या खिशात रुमालाखेरीज काही नको. पासपोर्ट आणि मोठी रक्कम कपड्यांच्या आतल्या पट्ट्यात, आणि तो पट्टा रस्त्यात उघडायचा नाही. दिवसाला लागणारे ५०-६० युरो वेगळ्या पाकिटात. ‘खिसेकापूंपासून सावध’ अशी पाटी दिसली की माणसाचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. चोराला हवी असते ती नेमकी हीच खूण.

अशा आणखी जागा: तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, त्रेव्ही कारंज्यासमोरची दाटी, फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेला स्टेशन, व्हेनिसमध्ये रिआल्तो पूल आणि १ नंबरची बोट, नेपल्सहून पॉम्पेईला जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना लोकल. ही लोकल जुनी, खचाखच आणि सप्टेंबरातही उकडणारी. आई-बाबांना घेऊन जाताना मी ती टाळायला सांगेन. त्याच रुळांवर हंगामात पर्यटकांसाठी राखीव आसनांची कांपानिया एक्सप्रेस असते, ती बघा. साध्या लोकलनेच गेलात तर उतरायचं ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिल्ला देई मिस्तेरी’ या स्टेशनवर.

लांबच्या गाड्यांत धोका बॅगांना. डब्याच्या दाराजवळ सामानाचा कप्पा असतो. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, एक माणूस शांतपणे चढतो, तुमची बॅग उचलतो आणि उतरतो. घाई नाही, पळापळ नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. दोन पाठीला पाठ लावलेल्या आसनांमधल्या फटीत मध्यम बॅग मावते, तीच जागा सगळ्यांत चांगली. कप्प्यातच ठेवावी लागली तर सायकलच्या तारेच्या कुलपाने दोन-तीन बॅगा एकत्र बांधा. बॅगा मध्यम आकाराच्याच घ्या. व्हेनिसचे पूल पायऱ्यांचे आहेत आणि मोठी ट्रॉली बाबा उचलणार की तुम्ही?

बाकीच्या युक्त्या ओळखायला सोप्या आहेत. मनगटाला दोरा बांधणारा, हातात गुलाब खुपसणारा, कसल्याशा अर्जावर सही मागणाऱ्या मुली, कपड्यावर डाग पडला म्हणून पुसायला धावणारे ‘भले’ लोक, तिकीट मशीनपाशी मदतीला उभा असलेला माणूस. सगळ्यांना एकच उत्तर: न थांबता ‘नो, ग्रात्सिए’. भिडस्तपणा इथे महाग पडतो. साध्या कपड्यांतला पोलीस म्हणवणारा कुणी पाकीट किंवा नोटा तपासायला मागू लागला तर तो पोलीस नाही. कागदपत्रं विचारण्याचा अधिकार खऱ्या पोलिसाला आहे, पाकीट तो मागत नाही. गणवेशातल्या पोलिसासमोरच दाखवतो म्हणा, किंवा सरळ ११२ लावा.

नेपल्समध्ये स्कूटरवरून पर्स किंवा साखळी ओढण्याचे प्रकार होतात. पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्याला, रस्त्याच्या बाजूला नाही. मंगळसूत्र आणि बांगड्या घरी ठेवा. मुंबईच्या लोकलच्या गर्दीत जे सोनं घालत नाही ते नेपल्सच्या गल्लीत तरी कशाला?

रस्त्यावर चादर पसरून नकली ब्रँडच्या पर्स विकणारे दिसतील. फक्त विकणाराच नाही, घेणाराही दोषी धरला जातो. ग्राहकाला होणारा दंड ७,००० युरोपर्यंत जाऊ शकतो.

तिकिटं, दंड आणि संप

इटलीतली तिकिटं दोन जातींची. फ्रेच्चारोसा किंवा इतालो अशा वेगवान गाड्यांचं तिकीट ठरावीक गाडीचं आणि आसनाचं असतं, ते घेतलं की काम संपलं. प्रादेशिक गाड्यांचं म्हणजे ‘रेजोनाले’चं कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो. न उमटवलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तेच तिकीट मोबाइलवर घेतलं असेल तर निघण्याआधी त्यातल्या दुव्यावर जाऊन चेक-इन करायचं असतं. तपासनीस आला की ‘माहीत नव्हतं’ हे कारण तो दिवसातून कितीदा तरी ऐकत असतो, त्याचा उपयोग होत नाही.

रोमच्या बस-मेट्रोत कार्ड टॅप करून जाता येतं, पण एक कार्ड एकाच माणसाचं. चौघांसाठी एकच कार्ड चारदा टॅप केलं तर तिकिटं चार होत नाहीत. त्यापेक्षा ‘टी’ अशी पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानातून १.५० युरोची १०० मिनिटं चालणारी कागदी तिकिटं घेऊन ठेवा. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही. बसमध्ये चढल्याबरोबर तिकिटावर शिक्का मारा, पुढच्या थांब्याची वाट बघू नका.

कलोसियमची आणि पॉम्पेईची तिकिटं आता नावानिशी निघतात. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळलं पाहिजे, आणि ओळखपत्र सोबत हवं. अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. पॉम्पेईत दिवसाला २०,००० जणांचीच मर्यादा आहे. तिथे सावली कमी आणि दगडी रस्ते उंचसखल. आई-बाबांसाठी पियात्सा आम्फितेआत्रो या प्रवेशद्वारापासून सुरू होणारा सपाट मार्ग आखलेला आहे. तीन किलोमीटरहून थोडा जास्त आहे, पण गुडघ्यांना झेपतो. सकाळी उघडल्या उघडल्या आत जा.

आता संप. इटालियन शब्द ‘शोपेरो’, तो स्टेशनच्या फलकावर ओळखता आला पाहिजे. संप आधी जाहीर होतात, बहुधा शुक्रवारी असतात आणि वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांचं कॅलेंडर असतं. विमान वाहतुकीत २७ जुलै ते ५ सप्टेंबर संपबंदी असते; तुमची सहल त्यानंतरची, तेव्हा ही बंदी तुमच्या कामाची नाही. संपातही कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालवाव्या लागतात. लांब पल्ल्याच्या हमी असलेल्या गाड्यांची यादी रेल्वे जाहीर करते. म्हणून शहर बदलायचा दिवस शुक्रवारी ठेवू नका. आणि भारतात परतायच्या विमानाच्या शहरात आदल्या दिवशीच पोचा, त्याच सकाळी व्हेनिसहून निघून रोमला विमान पकडायचा बेत नको.

टस्कनीची गाडी

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. आरटीओकडून तो एक वर्षासाठी मिळतो. मूळ परवानाही सोबत हवा. गाडी देणारी कंपनी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागते, अनामत त्यावर अडकवते. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड काउंटरवर नाकारलं जातं आणि बुकिंगचे पैसेही परत मिळत नाहीत, इतकं साधं कारण आणि पूर्ण दिवस वाया. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं स्पष्ट मागून घ्या, नाहीतर गिअरची मिळते. मुलीची उंची १५० सेंमीपेक्षा कमी असेल तर बूस्टर सीट कायद्याने बंधनकारक आहे. पाच जण आणि पाच बॅगांना छोटी गाडी पुरणार नाही.

खरा सापळा मात्र झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या शहरांच्या मध्यभागी ठरावीक वेळी परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. तिथे फाटक नसतं, शिपाई नसतो. पांढऱ्या गोलाला लाल कड अशी पाटी आणि वर कॅमेरा एवढंच. इलेक्ट्रॉनिक फलकावर ‘व्हार्को आत्तिव्हो’ दिसलं तर प्रवेश बंद आहे, ‘नोन आत्तिव्हो’ असेल तर जाता येतं. आपल्याला ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे रस्ता चालू आहे असं वाटतं आणि आपण आत शिरतो. चालू असतो तो कॅमेरा! प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा, साधारण ८० युरोपासून पुढे. रस्ता चुकून दोनदा आत-बाहेर केलं की दोन दंड. गाडीची कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचं शुल्क कार्डावर वेगळं लावते, आणि परदेशी पत्त्यावर दंडाची नोटीस पाठवायला पोलिसांना जवळजवळ वर्षभराची म्हणजे ३६० दिवसांची मुदत असते. नकाशाच्या अ‍ॅपवर विसंबू नका.

म्हणून गाडी फ्लॉरेन्स शहरात घेऊ नका, पेरेतोला विमानतळावरच्या काउंटरवरून घ्या आणि तिथेच परत करा. सिएना, सान जिमिन्यानो, लुक्का इथे तटाबाहेरच्या वाहनतळावर लावा आणि चालत आत जा. पांढऱ्या रेषा म्हणजे सहसा फुकट, निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे राखीव. मुक्कामाचं हॉटेल झेडटीएलमध्येच असेल तर त्यांना आधी मेल करून गाडीचा नंबर नोंदवायला सांगा आणि नोंद झाल्याचं उत्तर मागून घ्या.

महामार्गावर १३०, पाऊस असेल तर ११० ची मर्यादा. काही पट्ट्यांत दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरतं हळू करण्याने काही साधत नाही. टोलनाक्यावर पिवळी ‘टेलेपास’ रांग (टोलचं यंत्र बसवलेल्या गाड्यांची) सोडून द्या. पंपावर ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल, ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल. गाडीच्या टाकीच्या झाकणावर वाचून मगच नळी उचला. सामान दिसेल अशी गाडी एकटी सोडू नका. कुणी चालत्या गाडीला हाका मारून टायर पंक्चर असल्याचं सांगितलं तर लगेच उतरू नका, उजेडाच्या पंपापर्यंत हळू जा.

काही घडलंच तर

११२ हा एकच नंबर लक्षात ठेवा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशामक सगळ्यांसाठी, सिमवर पैसे नसले तरी लागतो. आधी शहर आणि पत्ता सांगा, मग काय झालं ते. ‘व्हेअर आर यू’ हे त्यांचं मोफत अ‍ॅप कॉलसोबत तुमची जागा कळवतं, निघण्याआधी सगळ्यांच्या फोनवर घाला. किरकोळ दुखण्याला हिरव्या फुलीची फार्मसी. रात्री बंद असली तर दारावर जवळच्या उघड्या दुकानाचं नाव लावलेलं असतं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं अशा वेळी विमा कंपनीच्या फोनची वाट बघत बसू नका, आधी ११२. दाखल झाल्यावर २४ तासांच्या आत कंपनीला कळवा, आणि दवाखान्यातून निघताना अहवाल आणि पावती मूळ प्रतीत मागून घ्या.

पासपोर्ट गेला तर क्रम असा. कार्डंही गेली असतील तर ती पहिल्या दहा मिनिटांत बंद. मग जवळच्या काराबिनिएरी (इटलीचं दुसरं पोलीस दल) किंवा पोलीस ठाण्यात तक्रार, तिला ‘देनुंचा’ म्हणतात. त्यात प्रत्येक गेलेली वस्तू, पासपोर्ट नंबर आणि व्हिसा नंबर लिहून घ्या आणि शिक्क्याची प्रत घ्या. विम्याला, दूतावासाला, विमानतळावर, सगळीकडे तीच लागते. हॉटेलकडे तुमच्या पासपोर्टची नोंद असते, कारण पाहुण्यांची माहिती २४ तासांत पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे. त्यानंतर रोममधला भारतीय दूतावास, किंवा उत्तर इटलीत असाल तर मिलानमधला महावाणिज्य दूतावास. तिथे तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. त्यावर पुढे स्वित्झर्लंडला वगैरे जाता येत नाही. शनिवार-रविवार आणि भारताच्या सुट्ट्यांना कार्यालय बंद असतं. म्हणूनच क्रम असा सुचवेन: व्हेनिस, फ्लॉरेन्स, टस्कनी, नेपल्स आणि शेवटी रोम, तेही निदान दोन कामाचे दिवस हाताशी ठेवून.

एटीएमला ‘बान्कोमात’ म्हणतात. बँकेच्या इमारतीतलं निवडा, दुकानाबाहेरचं रंगीत यंत्र नको. पडद्यावर रक्कम रुपयांत घ्यायची की युरोत असं विचारलं तर नेहमी युरो. रुपयांत घेतलं तर ते त्यांच्या दराने धरतात आणि तो दर महाग असतो. हॉटेलांत ‘तास्सा दि सोजोर्नो’ हा कर वेगळा द्यावा लागतो. रोममध्ये दर्जाप्रमाणे माणशी रात्री १० युरोपर्यंत, दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. रेस्टॉरंटच्या बिलात ‘कोपेर्तो’ म्हणजे बसण्याचे माणशी दोन-तीन युरो, ती फसवणूक नव्हे. मासळीचा भाव मात्र ‘एत्तो’ म्हणजे १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, ऑर्डर देण्याआधी वजन विचारा. आई-बाबा कडक शाकाहारी असतील तर पार्मिजानो, ग्राना आणि पेकोरिनो या चीजमध्ये जनावराच्या पोटातलं विरजण असतं हे माहीत असू द्या. सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो, ‘ब्रोदो दि कार्ने?’ असं विचारायचं. पिझ्झा मारिनारा मात्र टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावरच, त्यावर चीज नसतंच.

परतताना बॅग आली नाही तर विमानतळाच्या सामानाच्या दालनातच नोंद करून तिचा क्रमांक घ्या, बाहेर पडल्यावर नाही. फुटली-तुटली असेल तर लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. आणि युरोपातून निघणारं विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं तर, कंपनी कुठलीही असो, कारण कंपनीच्या हातातलं असल्यास भारताएवढ्या अंतरासाठी माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. बोर्डिंग पास फेकू नका.